चौदा अंश

कूलंगाटा, क्वीन्सलंड
४ नोव्हेंबर १९९५

ब्रीज डेव्हॅनी यांना,

आपण कधी भेटलो नाही, पण माझं आडनाव वाचून मी कोण ते तुमच्या लक्षात येईल. मॅलकी डेव्हॅनी माझे बाबा. तुमचेही. मी मार्नी, तेवीस वर्षांची. इथल्या एका सलूनमध्ये केस कापते आणि उरलेला सगळा वेळ समुद्रात असते.

बाबा एकोणीस सप्टेंबरला गेले. पाठीवरचा एक तीळ बिघडला आणि चार महिन्यांत सगळं आटोपलं. उन्हाने केलं, असं डॉक्टर म्हणाले. तुमच्याकडच्या पावसातला माणूस इथे सव्वीस वर्षं उघड्या पाठीने वावरला.

शेवटच्या आठवड्यात त्यांनी माझ्याकडे एकच गोष्ट मागितली. राख आयर्लंडला, कॅरिगाडूला न्यायची आणि पांढऱ्या घोडीच्या खडकापलीकडे, जिथे लाट उभी राहते तिथे सोडायची. बोटीतून नाही, सर्फिंगच्या फळीवरून. म्हणाले, "ब्रीजला विचार. तिथलं पाणी तिच्याइतकं कुणाला कळत नाही." दर नाताळला तुमचं पत्र येतं असं ते सांगायचे. मला वाचायला मात्र कधी दिलं नाही त्यांनी.

मला मार्चमध्ये रजा आहे. तेव्हा येऊ का? आणि वेटसूट कुठला आणू? आमच्याकडे भर थंडीतही पाणी वीस अंशांच्या खाली जात नाही. माझ्याकडे आखूड बाह्यांचा पातळ सूट आहे, तोही दोन ठिकाणी फाटलेला. तुमच्याकडे त्यात मी गोठेन ना?

आणखी एक. तुम्हाला तुम्ही म्हणू की तू? बहिणीला तुम्ही म्हणताना विचित्र वाटतंय.

मार्नी


कॅरिगाडू, मेयो परगणा
२१ नोव्हेंबर १९९५

मिस डेव्हॅनी,

पत्र मिळालं.

मी मॅलकीला एकाही नाताळला लिहिलेलं नाही. कोण लिहीत असेल ते मला ठाऊक आहे. पॅकी मनेली, खाली धक्क्यापाशी राहतो, खेकड्यांचे सापळे लावतो. मॅलकीचा जुना दोस्त. त्याला रिकामा वेळ फार.

राख पोस्टाने पाठवा. मी धक्क्यावरून सोडीन. ओहोटी बघून सोडीन म्हणजे बाहेर जाईल. घर सोडून बाहेर जायची त्याला सवय आहेच.

माझी आई जिवंत आहे आणि माझ्याबरोबर राहते. वय चौसष्ट, कान शाबूत, जीभ शाबूत. तिच्या दारात मॅलकीची राख नको आणि मॅलकीची मुलगीही नको.

वेटसूटचं विचारलंत. घरामागच्या शेडमध्ये मी वेटसूट दुरुस्त करते, त्यावरच आमचं घर चालतं, तेव्हा मला सांगता आलं असतं. पण तुम्ही येणार नाही. मग सांगून उपयोग काय?

मला तुम्हीच म्हणा.

ब्रीज डेव्हॅनी


कूलंगाटा
९ डिसेंबर १९९५

ब्रीज यांना,

बाबांनी सांगितलं होतं, "ब्रीज पहिल्यांदा फटकारेल." तुम्ही अगदी तसंच केलंत. मला आधी वाईट वाटलं आणि मग हसू आलं. "बाहेर जायची सवय आहेच" हे वाक्य बाबांना फार आवडलं असतं. त्यांना असं टोचून बोलणारी माणसं आवडायची.

तिकीट काढलं आहे. सात मार्चला पोचते. तुमच्या दारात येणार नाही, गावातल्या खानावळीत राहीन. पण राख पोस्टात टाकणार नाही. मी त्यांना शब्द दिलाय.

तुम्हाला ते कसे आठवतात मला माहीत नाही. मी सहा वर्षांची असताना त्यांनी मला फळीवर पालथं झोपवलं, मागून धरलं आणि लाट आली तेव्हा हात सोडला. पुढे सतरा वर्षांची होईपर्यंत मला एकटीला पाण्यात जाऊ दिलं नाही. मी आत गेले की ते काठावर उभे. कामावर उशीर झाला तरी उभे. मैत्रिणी चिडवायच्या, "तुझा खांब आला बघ." परत आले की खिशातून कागदात गुंडाळलेलं अंड्याचं सँडविच काढायचे, ते अर्धं चेपलेलं असायचं. माझा एकही वाढदिवस त्यांनी चुकवला नाही.

कोलमबद्दलही त्यांनी मला सांगितलं. एकदाच, मी पंधरा वर्षांची होते तेव्हा. वादळात मासेमारीच्या बोटीवरून पडला, सोळा वर्षांचा होता. सांगताना रडले. मला तेव्हा राग आला होता, की अशा हवेत एवढ्या मुलाला बोटीवर पाठवलं कुणी, घरात कुणाला अक्कल नव्हती का. पण बाबा म्हणाले, घरच्यांचा काही दोष नव्हता. मलाही आता तसंच वाटतं. तुम्ही तर लहानच होतात.

वेटसूटचं सांगा ना. नाही सांगितलंत तर मी आखूड बाह्यांचाच घेऊन येईन आणि गोठले तर तुमचं नाव घेईन.

मार्नी


कॅरिगाडू
२ जानेवारी १९९६

मार्नी,

मला तू म्हण. मागचं पत्र लिहिलं तेव्हा मी कुणावर तरी चिडलेली होते. येतेयस तर ये. घरी मात्र नको, आईमुळे. मी तुला बसस्टॉपवर घ्यायला येईन.

आता सूट. आधी मापाचं ऐक, कारण लोक तिथेच चुकतात. अंगाला घट्ट हवा. घालून दोन्ही हात वर कर, उकिडवी बस. काखेत, कमरेच्या खळगीत, गुडघ्यामागे कुठेही पोकळी राहता कामा नये. पोकळी राहिली की तिथे पाणी शिरतं, अंगाने तापवलेलं पाणी वाहून जातं आणि नवीन गार पाणी आत येतं. मानेपाशी एक बोट जेमतेम शिरावं. शिवण आतून चिकटवलेली आहे का बघ, नुसती टाचलेली असेल तर दुकानदाराला परत दे.

जाडीचं म्हणशील तर छातीला तीन मिलिमीटर आणि हातापायांना दोन. त्याहून जाड घेऊ नकोस. जाड सुटात खांदे आखडतात आणि घोडीपर्यंत फळी वल्हवत जायला खांदे मोकळे लागतात. गेली बावीस वर्षं रोज सकाळी मी धक्क्यावरून थर्मामीटर सोडते आणि पाणी किती ते वहीत लिहिते. मार्चमध्ये इथे चौदा अंश असतं. समुद्रातला उबदार प्रवाह आमच्या दारावरूनच जातो. रबरी बूट, हातमोजे, टोपी हे सगळं डब्लिनहून येणारे लोक घालतात. आम्ही त्यांना हसतो.

सोमवारी, अकरा तारखेला, सकाळी जाऊ. त्या दिवशी भरती सोयीची आहे.

ब्रीज


कूलंगाटा
१७ जानेवारी १९९६

ब्रीज,

तुझं पत्र मी तीनदा वाचलं. तू असं लिहिलंयस की मला वाटलं, बाबाच बोलताहेत. तेही शिवणीवरून असाच कीस काढायचे.

तीनचा सूट घेतला. निळा आहे. उकिडवी बसून बघितलं, दुकानातली दोन पोरं हसली. पण दुकानाचा म्हातारा मालक माझ्याशी भांडलाच. तो टास्मानियाचा, त्याला थंड पाण्याचा फार अभिमान. म्हणाला, "मुली, समुद्र हवेच्या मागून चालतो. उशिरा तापतो, उशिरा निवतो. मार्च म्हणजे तिकडे वर्षातलं सगळ्यात गार पाणी. आठ, फार तर नऊ. पाच मिलिमीटरचा घे, टोपीवाला. बूट घे, हातमोजे घे. आठ अंशांत उघडी बोटं दहा मिनिटांत कामातून जातात." मी म्हटलं, "माझी बहीण तिथे राहते आणि बावीस वर्षं रोज पाणी मोजते. तुम्ही आयर्लंड पाहिलंय का?" नाही म्हणाला. मी म्हटलं, "मग?"

"माझी बहीण" असं मी पहिल्यांदाच कुणाला तरी म्हटलं.

तो सूट पंधरा फेब्रुवारीपर्यंत बदलून द्यायला तयार आहे. मला गरज वाटत नाही, पण त्याने इतकं डोकं खाल्लं की तुला विचारल्याशिवाय राहवेना. एक ओळ टाक, म्हणजे त्याच्या तोंडावर मारता येईल.

मार्नी


कॅरिगाडू
१ फेब्रुवारी १९९६

मार्नी,

आज सकाळी तेरा होतं. तू येईपर्यंत चौदा होईल. दुकानदाराला महागातला माल विकायचा असतो.

तीनचाच ठेव.

ब्रीज


कूलंगाटा
१६ एप्रिल १९९६

प्रिय ब्रीज,

डाव्या हाताने लिहितेय. अक्षर चालवून घे.

घरी सुखरूप पोचले. विमानात शेजारच्या बाईने माझं जेवण कापून दिलं, लहान मुलाला देतात तसं. उजव्या हाताची करंगळी आणि शेजारचं बोट तिथे इस्पितळातच गेलं ते तुला माहीतच आहे. मधल्या बोटाचं इथले डॉक्टर महिनाभर वाट बघू म्हणताहेत. अंगठा आणि पहिलं बोट आहे, पण त्यांना काही कळत नाही. काल गरम इस्त्रीला हात लागला आणि वासाने कळलं. सलूनच्या मालकिणीने मला केस धुण्यावर ठेवलंय. चांगली आहे ती.

तुझ्याशी इस्पितळात बोलता आलं नाही. तू रोज दीड तास बसने यायचीस, पलंगाशी बसायचीस आणि काही बोलायची नाहीस. नर्स मला म्हणाली, "तुझ्या बहिणीने फारच मनाला लावून घेतलंय." म्हणून हे लिहितेय. तू मनाला लावून घेऊ नकोस.

खरं सांगायचं तर पाण्यात पाऊल टाकलं तेव्हाच मला वाटलं होतं, हे चौदा नाही. पायाला गार नव्हतं लागत, दुखत होतं. मी वळून बघितलं, तू धक्क्यावर उभी होतीस, तू हात हलवलास. मला माझीच लाज वाटली. म्हटलं, मी गरम पाण्यात लाडावलेली, इथे बाबा नुसत्या स्वेटरवर पाण्यात जायचे आणि मला रबराचा सूट घालून रडू येतंय. तुझ्या आईला न कळता तू मला शेडमध्ये नेलंस, तिथे जाड सूट टांगलेले होते, मी विचारलंही होतं, "हे कुणाचे?" तू म्हणालीस, "जर्मन लोकांचे, त्यांना सगळंच जाड लागतं." मी किती हसले होते.

घोडीपर्यंत पोचले. पाठीवरच्या पिशवीतून बाबांचा डबा काढला आणि झाकण उघडेना. बोटं झाकणावर आहेत हे दिसत होतं, पण ती माझी नव्हती. दात लावून बघितलं. मग लाट आली आणि डबा गेला. फळी हातून सुटेल म्हणून फळीची दोरी मी बोटांना गुंडाळली, दोन-तीन वेढे, घट्ट. ती पुन्हा सोडवता आली नाही. पुढचं मला नीट आठवत नाही. आठवतं ते एवढंच, की धक्का दिसायचा, नाहीसा व्हायचा, आणि धक्क्यावर तू असायचीस. तू आहेस ना, मग ठीक आहे, असं वाटायचं.

तू पॅकीला हाक मारून बोट आणवलीस म्हणून मी आज आहे. हे मी कधी विसरणार नाही. या वर्षी पाणी नेहमीपेक्षा गार असणार, त्यात तुझा काय दोष? पाणी काय कुणाच्या वहीप्रमाणे वागतं?

बाबांचा डबा गेला, पण त्यांना हवा होता तिथेच गेला. दोघी मिळून त्यांचं एवढं काम केलं.

तुझी
मार्नी


कॅरिगाडू
३ मे १९९६

मार्नी,

तू मला आणखी एकदा "तुझा काय दोष" असं लिहिलंस तर मला वेड लागेल. म्हणून हे लिहितेय. तुझ्यासाठी लिहीत नाही.

अकरा मार्चला सकाळी पाणी आठ अंश होतं. एक फेब्रुवारीला साडेआठ होतं. बावीस वर्षांत इथे मार्चमध्ये चौदा कधीच नव्हतं. चौदा सप्टेंबरात असतं. तुझ्या टास्मानियाच्या म्हाताऱ्याने शब्दन् शब्द खरं सांगितलं होतं.

कोलम बोटीवरून पडला नाही. मॅलकी घर सोडून गेला तेव्हा त्याची फळी इथेच राहिली होती, कोलम तीच घेऊन पाण्यात जायचा. उन्हाळ्यात. मॅलकीला पत्रं लिहायचा, आईला चोरून, आणि मॅलकीची उत्तरं पॅकीच्या पत्त्यावर यायची. चौऱ्याहत्तरच्या मार्चमध्ये एक उत्तर आलं. ते माझ्याकडे आहे. "हो, मी स्वेटरवरच जायचो, बाराही महिने. ज्याला रबर लागतं त्याने काठावर बसून चहा प्यावा. तू डेव्हॅनी आहेस." कोलमने मला ते मोठ्याने वाचून दाखवलं. सोमवारी आम्ही दोघांनी शाळा बुडवली. तो आईने विणलेला स्वेटर घालून आत गेला आणि मी धक्क्यावर त्याचे बूट धरून उभी राहिले. मी बारा वर्षांची होते. चाळीस मिनिटं तो मला दिसत होता. मग फक्त फळी दिसत होती. तो चार दिवसांनी पुढच्या खाडीत मिळाला. तो सोमवारही अकरा मार्चच होता. तारीख मी मुद्दाम निवडली.

मॅलकी मातीला आला नाही. मे महिन्यात त्याचं एक पार्सल आलं, ते आईने न उघडता परत पाठवलं. त्यानंतर मी रोज पाणी मोजायला लागले.

तू लिहिलंस की तो तुला एकटीला पाण्यात जाऊ द्यायचा नाही, काठावर उभा राहायचा. आणि त्याने तुला सांगितलं की कोलम बोटीवरून पडला. मी ते वाचलं आणि त्याच बैठकीला तुला पत्र लिहिलं. मला वाटलं, त्याने एकाला जे सांगून पाठवलं तेच मी दुसरीला सांगते. बघू, आता काठावर कोण उभं राहतं.

मी घड्याळ लावून उभी होते. वीस मिनिटांनी हाक मारायची असं ठरवलं होतं. वीस झाली तेव्हा म्हटलं, अजून दहा. तीस झाली तेव्हा कळलं की मी चाळिसाची वाट बघतेय. चाळीस झाली आणि तू अजून दिसत होतीस. मी उभीच राहिले.

पॅकीला मी हाक मारली नाही. तो सापळे बघून आपणहून त्या बाजूला आला. तेव्हा दीड तास उलटला होता. त्याची बोट तुझ्यापाशी पोचली तेव्हा मला पहिल्यांदा जे वाटलं ते हायसं नव्हतं. काय होतं ते लिहीत नाही.

इस्पितळात मी रोज येत होते ते तुला सांगायला. रोज तशीच परत जात होते.

डबा नऊ दिवसांनी किनाऱ्यावरच्या गोट्यांवर आला. झाकण लागलेलंच आहे. शेडमध्ये ठेवलाय.

क्षमा मागत नाही. मागितली तर तू देशील अशी भीती वाटते.

ब्रीज


कूलंगाटा
२० जून १९९६

ब्रीज डेव्हॅनी यांना,

तुमचं पत्र मिळालं.

मधलं बोट गेल्या महिन्यात काढलं. सलूनमधलं काम सोडलं, कारण केस धुतानाही पाणी किती गरम आहे ते मला कळत नाही आणि एका बाईची मान भाजली. आता मी तिथेच फोन घेते. समुद्रात गेलेले नाही.

तुमच्या पत्रानंतर मी गॅरेजमधली बाबांची पेटी उघडली. आधी उघडायचा धीर झाला नव्हता. तीत कोलमची पत्रं आहेत, अकरा. शेवटचं दहा फेब्रुवारी १९७४ चं. त्याची प्रत सोबत जोडली आहे, पण अक्षर पुसट झालंय म्हणून तुम्हाला वाचता यावं असं त्यातलं एवढं इथे उतरवते.

"बाबा, इथे पाणी फार गार आहे आणि मला उन्हाळ्यापर्यंत थांबवत नाही. तुमच्याकडे एक वेटसूट मागणार होतो. पण ब्रीज म्हणते, मागून बघ, बाबा हसतील, म्हणतील मला मुलगा झाला होता असं वाटत होतं, दोन्ही मुलीच निघाल्या. ती म्हणते तुम्ही स्वेटरवर जायचात आणि मीही जायला हवं, नाहीतर ती शाळेत सगळ्यांना सांगेल की मी घाबरतो. म्हणून सूट मागत नाही. फक्त सांगा, तुम्ही खरंच स्वेटरवर जायचात का? तुम्ही तसं लिहिलंत की ती गप्प बसेल."

पेटीत पोस्टाची एक पावतीही आहे, बावीस फेब्रुवारीची. आयर्लंडला, जहाजाने, एक पार्सल. तुमच्या आईने न उघडता परत पाठवलं ते पार्सल म्हणजे वेटसूट होता. सोळा वर्षांच्या मुलाच्या मापाचा, जाड, त्या काळी पाणबुडे घालायचे तसला. तो आमच्या गॅरेजमध्ये खिळ्याला टांगलेला होता. मी लहानपणी विचारलं होतं, हा कुणाचा. बाबा म्हणाले, दुकानवाल्याने चुकीचा पाठवला.

म्हणजे त्यांनी तुम्हाला गप्प बसवण्यापुरती पत्रात फुशारकी मारली आणि सूट जहाजावर चढवला. पत्र विमानाने गेलं. सूट दहा आठवड्यांनी पोचला. ते मूर्खपणाने वागले. त्याची त्यांना पुरती किंमत पडली, मी ती रोज बघत होते, मला फक्त ती कशाची ते ठाऊक नव्हतं.

बोटीची गोष्ट त्यांनी का रचली ते आता मला कळतं. खरं सांगितलं असतं तर मी विचारलं असतं, कोलमला कुणी डिवचलं? आणि त्यांना तुमचं नाव घ्यावं लागलं असतं. ते त्यांनी माझ्यासमोरसुद्धा घेतलं नाही. तुम्ही त्यांना शिव्या देत राहिलात आणि ते खात राहिले.

हे तुम्हाला पाठवावं की नाही याचा मी पाच आठवडे विचार केला. बाबांनी एकवीस वर्षं तुमच्यापासून हे लपवलं. मला त्यांच्याइतकं चांगलं व्हायचं नाही.

पत्र रजिस्टर करून पाठवतेय. सही केल्याशिवाय तुम्हाला मिळणार नाही, आणि सही केलीत की मला कळेल की तुम्ही वाचलंत. उत्तर नको.

मार्नी डेव्हॅनी


कॅरिगाडू
९ जुलै १९९६

मार्नी,

उत्तर नको म्हणालीस. हे एकच, आणि ते वाचायलाच हवं असं नाही.

सही केली. कोलमचं अक्षर लगेच ओळखलं. तो "ब्रीज" लिहिताना शेवटचं अक्षर नेहमी ओढायचा.

मला ते आठवत नव्हतं. तू विश्वास ठेव किंवा ठेवू नकोस. प्रत वाचली आणि मग हळूहळू आठवायला लागलं. आम्ही जेवायला बसलो होतो. मी म्हटलं, बाबा स्वेटरवर जायचे, तू घाबरतोस. तो हसला, पण त्याचे कान लाल झाले. मला ते लाल कान बघून मजा वाटली म्हणून मी पुन्हा म्हटलं. त्यानंतर आठवडाभर रोज म्हणत होते.

संध्याकाळी पत्र घेऊन आईपाशी गेले. ती बटाटे सोलत होती. तिला चष्मा सापडेना, म्हणून मीच वाचून दाखवलं. ऐकून ती म्हणाली, "मला ठाऊक होतं."

मी म्हटलं, "काय ठाऊक होतं?"

"तू त्याला चिडवत होतीस ते. मी त्याच टेबलावर नव्हते का? मीही हसले होते."

"मग मला कधी बोलली का नाहीस?"

"तू जेवत नव्हतीस. तेरा दिवस तुझ्या पोटात अन्न राहिलं नाही. मग कोलमने पॅकीकडे ठेवलेलं मॅलकीचं ते पत्र पॅकीने आणून दिलं, तू ते पुन्हा वाचलंस, त्याला शिव्या घातल्यास आणि भाकर खाल्लीस. मी म्हटलं, बरं झालं. तो लांब होता. त्याला काय फरक पडणार होता?"

"आणि ते पार्सल?"

"हाताला मऊ लागलं. रबराचा वास येत होता. मला कळलं आत काय आहे ते. तुझ्यासमोर उघडलं असतं तर तू पुन्हा जेवली नसतीस."

मॅलकीलाही तिने लिहिलं होतं, फक्त एकदाच. की ब्रीजला यातलं काही कळू द्यायचं नाही, तुझ्याकडून तेवढंच हवंय. त्याने ते पाळलं.

मग मी तिला तुझं सांगितलं. चौदा अंश, ती दोन पत्रं, ते घड्याळ. तिला आजवर एवढंच माहीत होतं की ऑस्ट्रेलियाची कुणी मुलगी घोडीपाशी अडकली होती. तिने सुरी खाली ठेवली. शेवटी म्हणाली, "कुठला हात?"

"उजवा."

"काय काम करते?"

"केस कापायची."

आईने सुरी घेतली, पुढचा बटाटा उचलला आणि मला म्हणाली, "तू आज बाहेर जेव."

ब्रीज